दारव्हा तालुका, छपन्नचा दुष्काळ व ख्रिस्ती परप्रीतीचा आचार

ख्रिस्ती धर्माच्या मराठी ग्रंथांची चर्चा आपल्याकडे बहुधा भाषेच्या अंगानें होते. फादर स्टीफन्सच्या ओव्या किती, त्यांत कोंकणी रूपें कोणतीं, श्रीरामपूरच्या कॅरीसाहेबांना मराठी शिकविणारा पंडित कोणत्या बोलीचा, इत्यादि प्रश्न अभ्यासकांनीं पुष्कळ घोळले आहेत. परंतु त्या ग्रंथांतील जी मुख्य आज्ञा, म्हणजे दुसऱ्यावर स्वतःइतकीच प्रीति करावी ही, ती मराठी मुलखांत प्रत्यक्ष कोणी, केव्हां व कोणत्या रीतीनें आचरिली, हा प्रश्न शुद्ध इतिहासाचा असूनहि तो आजवर उपदेशकांकडे सोंपविला गेला. उपदेशकास दृष्टान्त पुरतो. संशोधकास कागद लागतो. प्रस्तुत लेखांत वऱ्हाडांतील दारव्हा तालुका डोळ्यांपुढें ठेवून, या आज्ञेची परीक्षा कोणत्या कागदांवरून करतां येईल आणि ते कागद कोठें पहावेत, एवढेंच पाहण्याचें योजिलें आहे.

आरंभ शब्दांपासून करणें सोयीचें. मराठी बायबलांत या आज्ञेसाठीं 'शेजारी' व 'प्रीति' हे दोन शब्द रूढ झाले. शेजारी म्हणजे ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे तो. जुन्या गांवगाड्यांत भिंतीला भिंत लागे ती जातीच्या हिशोबानें. वाड्याचा शेजार वाड्याला, आणि गांवकुसाबाहेरच्या झोपडीचा शेजार झोपडीला. अशा गांवांत 'शेजाऱ्यावर प्रीति' हे शब्द कानीं पडले तर ऐकणारा आपल्या आळीपलीकडे पाहीलच असा भरंवसा नाहीं. उलट गोमंतकांतील कोंकणी ख्रिस्ती परंपरेंत शेजाऱ्याच्या जागीं 'पेलो' हा शब्द आहे आणि प्रीतीच्या जागीं 'मोग'. पेलो म्हणजे दुसरा, पलीकडचा. आपल्या 'पैल' शब्दाशीं त्याचें नातें उघड दिसतें. एका शब्दानें लगतचा मनुष्य दाखविला जातो, दुसऱ्यानें पलीकडचा. मूळ ग्रंथांत ही आज्ञा सांगितल्यावर ऐकणारा शास्त्री हेंच विचारतो कीं माझा शेजारी कोण; आणि उत्तर म्हणून जी कथा येते तींत वाटेवर घायाळ पडलेल्यास उचलणारा मनुष्य त्याच्या जातभाईंपैकीं नसून ज्यांच्याशीं व्यवहार वर्ज्य अशा शोमरोनी लोकांपैकीं असतो. तेव्हां कथेचा रोख पाहतां, माझ्या मतें, कोंकणी शब्द अधिक नेमका पडतो. मात्र शब्द नेमका असला म्हणजे आचारहि नेमका असतो असें नव्हे, याचा दाखला त्याच गोमंतकांत मिळतो.

गोव्यांत पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं 'मिझेरिकॉर्डिया' नांवाची दयाधर्माची संस्था स्थापिली. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, रोग्याची शुश्रूषा, बंदिवानाची सोडवणूक, वाटसरूस आसरा व मृतास मूठमाती हीं सात देहसंबंधी दयाकर्में या संस्थेचें ब्रीद होतें. गोव्याचें राजकीय इस्पितळ सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइटांच्या हातीं आलें; पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ सालीं तेथें रोगी म्हणून राहिला होता व तेथील स्वच्छतेची, अंथरुणांची व अन्नाची त्यानें मोठी वाखाणणी केली आहे. परंतु याच नगरांत १५६० पासून धर्मसमीक्षण सभाहि नांदत होती. ती कायमची उठली १८१२ त. एका रस्त्यावर रोग्याचे पाय धुतले जात आणि दुसऱ्या रस्त्यावर मत बदलल्याच्या संशयावरून मनुष्य तळघरांत जाई. सासष्टींतील कुंकळ्ळी येथें १५८३ सालीं गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार केलें व पुढें गांवच्या पुढाऱ्यांस पोर्तुगीजांनीं दगा करून मारलें, हा प्रसंगहि याच काळांतला. थॉमस स्टीफन्स त्या वेळीं गोव्यांतच होता. तो १५७९ सालीं तेथें उतरला होता. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. दहा हजारांवर ओव्यांच्या या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें उतरून ठेवलेल्या पोथ्यांवर. मंगळूरची १९०७ ची आवृत्ति अशाच पोथ्यांवरून सिद्ध झाली. ही गोष्ट पोथ्या जमविणाऱ्यांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे: सत्तेच्या बळानें जें छापलें तें गेलें, आणि ज्यांना तें खरोखर हवें होतें त्यांनीं उतरून घेतलें तें राहिलें.

आतां दारव्ह्याकडे वळूं. हा तालुका पूर्वीं वणी जिल्ह्यांत होता. १९०५ सालीं वऱ्हाडाच्या जिल्ह्यांची फेररचना होऊन पुसद तालुका त्यांत आला व जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे सोंपविला तेव्हांपासून १९०२ च्या कायम पट्ट्यापर्यंत या प्रांताचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखालीं चाले. १९०३ त तो मध्यप्रांतास जोडला गेला. हा तपशील रुक्ष वाटला तरी पुढें कागदांच्या शोधांत त्याचा उपयोग आहे, म्हणून नोंदवून ठेवितों.

शके १८२१, म्हणजे इ. स. १८९९, या वर्षीं पावसानें दगा दिला. विक्रम संवत् १९५६ यावरून त्या दुष्काळास 'छपन्नचा' असें नांव पडलें. वऱ्हाड हा काळ्या जमिनीचा व कापसाचा सुखी प्रांत, तेथें दुष्काळ पडत नाहीं, अशी तोंवर सरकारची व खुद्द रयतेचीहि समजूत होती. ती खोटी ठरली. १८९१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ त ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत जी वाढ व्हावयाची ती झाली नाहींच, उलट सुमारें दीड लाख माणसें कमी झालीं. यांत १८९६-९७ च्या महर्गतेचाहि वांटा आहे, परंतु मोठा घाव छपन्नचाच.

दारव्ह्याची स्थिति समजण्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, जी पुढें 'शकुंतला' म्हणून प्रसिद्ध झाली व जिचें दारव्हा हें एक स्थानक होतें, ती विसाव्या शतकांत झाली. १८९९ सालीं दारव्ह्यास रेल्वे नव्हती. भुसावळ-नागपूर मार्गावरील मूर्तिजापूर येथें धान्याचीं पोतीं उतरलीं तरी तेथून सुमारें ७० किलोमीटरची वाट बैलगाडीची. आणि दुष्काळांत चाऱ्यावांचून पहिलीं मरतात तीं बैलेंच. म्हणजे धान्य देशांत असूनहि गांवांत पोंचत नाहीं, अशी ही अडचण होती. कापसाच्या मुलखांत ती दुणावते, कारण शेतकऱ्याच्या घरीं ज्वारीची पेवें कमी व रोकड पिकावर भिस्त अधिक. सरकारी उपाय ठराविक होते: खडी फोडण्याचीं व रस्त्यांचीं कामें, अशक्तांसाठीं दरिद्रगृहें, मुलांसाठीं अन्नछत्रें. जो काम करूं शके त्याला मोजून मजुरी. जो करूं शकत नाहीं त्याला तपासून अन्न. ही व्यवस्था निर्दय होती असें मी म्हणत नाहीं, पण ती हिशोबी होती. आणि तिच्या हिशोबांत न बसणारा एक वर्ग नेहमींच मागें राही, तो म्हणजे आईबाप मेलेलीं मुलें.

याच जागीं मिशनांचा संबंध येतो. अमेरिकेंतील फ्री मेथडिस्ट मंडळीचे पहिले प्रतिनिधि अर्नेस्ट वॉर्ड व त्यांची पत्नी फीबी हीं १८८१ च्या आरंभीं मुंबईस उतरून बऱ्हाणपुरास गेलीं. पुढें या मंडळीचें काम यवतमाळकडे सरकलें. यवतमाळ, वणी, दारव्हा व उमरी हीं तिचीं ठाणीं झालीं. या जोडप्यानें आपल्या भारतांतील वर्षांची हकीकत 'एकोज फ्रॉम भरतखंड' या नांवानें १९०८ सालीं प्रसिद्ध केली. मुंबई-पुण्याच्या मिशनांस कॉलेजें व छापखाने होते. वऱ्हाडच्या तालुक्याच्या ठाण्याचें भांडवल म्हणजे एक बंगली, एक शाळेची पडवी, औषधांची पेटी व बाजाराच्या दिवशींचें प्रवचन. या चारांपैकीं लोकांच्या आठवणींत टिकते ती औषधांची पेटी. प्रवचन कोणत्या वचनावर झालें हें कोणी सांगत नाहीं. जखम कोणी धुतली हें तीन पिढ्या सांगितलें जातें.

दुष्काळांतील अनाथ मुलें मिशनांनीं घेतलीं, हें खरें; आणि तीं ख्रिस्ती झालीं, हेंहि खरें. या दोन वाक्यांमधील संबंध काय, यावर तेव्हांपासून वाद आहे. एक पक्ष म्हणतो ही परप्रीति. दुसरा म्हणतो हें भुकेच्या भावांत विकत घेतलेलें धर्मांतर. दोन्ही पक्ष आपापल्या जागीं ठाम आहेत व दोघांनाहि जमाखर्च पाहण्याची गरज वाटलेली नाहीं. सरकारनें स्वतः या प्रकरणीं पुढें सावध नियम केले. अनाथ मूल प्रथम त्याच्या नातलगांस वा स्वधर्मीयांस देण्याचा यत्न व्हावा आणि नंतरच परधर्मी संस्थेकडे द्यावें, असा त्यांचा आशय होता. असा नियम करावा लागला यांतच तक्रारीला कांहीं आधार होता हें दिसतें.

या वादाची खरी परीक्षा जेथें करतां येते तें उदाहरण दारव्ह्याबाहेरचें, पण त्याच दुष्काळांचें आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत अन्नावांचून मरण पावले. आई व बहीणहि पाठोपाठ गेल्या. म्हणजे १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें ऐकून त्या तिकडे निघाल्या तेव्हां, भुकेनें माणूस कसें मरतें हें त्यांस वर्तमानपत्रांतून कळावयाचें नव्हतें. दरिद्रगृहांत व कामांवर तरुण मुली दुष्टांच्या हातीं कशा पडतात हें त्यांनीं तेथें पाहिलें व तें स्पष्ट शब्दांत लिहिलें. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. पुण्यांत प्लेग असल्यानें इतकीं नवीं माणसें शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली. तेव्हां दौंडच्या वाटेवरील केडगांव येथें त्यांनीं पूर्वींच घेतलेल्या सुमारें शंभर एकर जमिनीवर तंबू ठोकून त्यांची सोय केली. तेंच मुक्तिसदन. १९०० सालीं गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. मुलगे आले ते दौंड येथें अल्बर्ट नॉर्टन यांच्याकडे पाठविले गेले; हे नॉर्टन पूर्वीं एलिचपुराकडे कोरकू लोकांत काम केलेले, तेव्हां वऱ्हाडचा धागा येथेंहि लागतो.

रमाबाईंवरील आक्षेप सर्वांस ठाऊक आहेत. शारदासदन ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस निघालें तेव्हां तेथें धर्मोपदेश व्हावयाचा नाहीं असें ठरलें होतें. १८९३ त मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात असें बाहेर आलें, न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. केसरीनें केलेली टीका कडवट होती, पण वचनाचा मुद्दा पोकळ नव्हता. ज्या विश्वासावर पालकांनीं विधवा मुली पाठविल्या त्याची मर्यादा रमाबाईंनीं सैल होऊं दिली, असें मला वाटतें. मुक्तिसदन मात्र पहिल्यापासून उघड ख्रिस्ती होतें. तेथें कोणाची फसवणूक झाली असें म्हणतां येत नाहीं.

आतां उलट बाजू. केवळ शिष्यसंख्या वाढविणें हा हेतु असता तर रमाबाईंच्या हिशोबांत कांहीं खर्च दिसलेच नसते. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, वृद्धांसाठीं प्रीतिसदन, आंधळ्यांसाठीं बार्तिमी सदन: यांपैकीं कोणापासूनहि संस्थेस ना पैका मिळावयाचा ना लौकिक. अवर्षणांत विहिरी खणून शेत जगविलें. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतें, शिवण, मुद्रण हे धंदे बायकांच्या हातीं दिले. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनीं बायबलाचें सोप्या मराठींत जें भाषांतर केलें तें तेथल्याच छापखान्यांत, तेथल्याच स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या व समग्र ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला. आणखी एक गोष्ट. मे १८९७ त पुण्याच्या प्लेग इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयीं रमाबाईंनीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत उघड तक्रार केली, व तिचा प्रतिध्वनि विलायतेंत पार्लमेंटापर्यंत उठला. ज्या सरकारच्या मर्जीवर मिशनांचें बरेंचसें अवलंबून, त्याच सरकारास परक्या रोगी बायकांसाठीं दुखविणें, हा पुरावा मला हजार प्रवचनांहून वजनदार वाटतो. टिळक पक्षाला त्या वेळीं रमाबाईंचें म्हणणें सोयीचें पडलें, ही इतिहासाची एक गंमत.

दुसऱ्या बाजूस, परप्रीतीचा मक्ता ख्रिस्त्यांकडेच होता असा समज कोणी करून घेऊं नये. पंढरपूर येथें प्रार्थनासमाजाचा अनाथ बालकाश्रम १८७५ सालींच उभा राहिला होता. कर्व्यांनीं १८९६ त अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमींच्या गोदूबाई, ह्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी, ही साखळी लक्षांत घेण्याजोगी आहे. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ त कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन काढलें, आणि वर्धा नदीपलीकडे वरोऱ्यास बाबा आमट्यांचें आनंदवन १९५१ त उभें राहिलें. एलिचपूरजवळच्या कोठाऱ्याचें मिशनचें कुष्ठसेवाकार्य या दोहोंपेक्षां सुमारें अर्ध्या शतकानें जुनें. कोणी कोणापासून काय घेतलें हें सांगण्याची घाई नको; पण वऱ्हाडच्या नकाशावर हीं तिन्ही ठिकाणें एकमेकांपासून फार दूर नाहींत. रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांच्या घरींहि परक्यांचीं मुलें आपलीं म्हणून वाढलीं, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास सांगावयास नको.

येथवर जें लिहिलें त्यांत एका पक्षाचा शब्द आला नाहीं, तो म्हणजे त्या मुलांचा. दुष्काळांत उचललेल्या मुलास नवीन नांव मिळालें, नवें घर मिळालें, जीव वांचला. त्या बदल्यांत त्याचें गांव, कूळ व आईबापांचें नांव बहुधा गेलें. तीन-चार वर्षांच्या पोराला गांवाचें नांव सांगतां येतें, तालुक्याचें येत नाहीं. आणि एका नांवाचीं गांवें वऱ्हाडांत पांच-पांच. नोंदवहींत लिहिणाऱ्यानें तें जसें ऐकलें तसें, बहुतेक रोमन लिपींत, लिहिलें. आज अशा घराण्यांतील कोणी आपलें मूळ विचारीत आला तर त्याला उत्तर देणारा कागद एकच, ती आश्रमाची किंवा ठाण्याची प्रवेशाची वही. आणि परप्रीतीची कसोटीहि तीच. मूल कोणत्या दिवशीं आलें, किती दिवस जगलें, नातलग शोधीत आला तेव्हां परत दिलें काय, बाप्तिस्मा येतांच झाला कीं कळत्या वयांत: हे चार रकाने ज्या वहींत प्रामाणिकपणें भरलेले सांपडतील त्या ठाण्याबद्दल वाद करण्याचें कारण उरणार नाहीं. 'परत नेलें' असा शेरा एखाद्या पानावर दिसला तर तो लिहिणारा मनुष्य मला कोणत्याहि धर्मप्रचारकापेक्षां अधिक आदरणीय वाटेल.

या वह्या आतां शंभर-सव्वाशें वर्षांच्या झाल्या. कागद गिरणीचा, शाई लोखंडी. वाळवीपेक्षां शाईच पान खाते. मिशनांच्या मालमत्तांची वाटणी झाली, बंगल्या पडल्या, पेट्या एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास गेल्या. यवतमाळ येथें १९५३ त स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ त पुण्यास हलली. फ्री मेथडिस्ट मंडळीचें मध्यवर्ती दफ्तर अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें मार्स्टन यांच्या नांवानें असलेल्या संग्रहालयांत आहे. पण ठाण्यावरची वही ठाण्यावरच राहते, म्हणून दारव्हा, दिग्रस, नेर या बाजूस फिरणाऱ्या संग्राहकांनीं मोडी दफ्तरांबरोबर जुन्या पाळकांच्या घरच्या पेट्यांचीहि चौकशी करावी. वही विकत मागूं नये. घरीं बसून उतरून घ्यावी किंवा छायाचित्रें घ्यावीं आणि मूळ त्यांच्याजवळच ठेवावी. तींतील नांवांचे वंशज हयात आहेत, तेव्हां नांवें छापतांना त्यांची संमति घेणें हा साधा शिष्टाचार.

सरकारी बाजूचे कागद मुंबईस किंवा नागपुरास शोधून भागणार नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें १८९९-१९०० सालीं वऱ्हाड रेसिडेंटाच्या हाताखालीं असल्यानें वरिष्ठ पत्रव्यवहार हैदराबाद रेसिडेन्सीच्या दफ्तरांत गेला व तें दफ्तर आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. त्या दुष्काळावरील छापील अहवालहि 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नांवाखालीं पहावा, 'बेरार' खालीं नव्हे. पाटील-पांड्यांच्या व सावकारांच्या खाजगी रुमालांत सन फसली असेल तर १३०९ हा आंकडा पाहून बांधणी सोडावी. सावकाराच्या रोजमेळांत त्या वर्षीं धर्मादाय खातें किती पानें चाललें हेंहि मोजून ठेवावें. दारव्ह्याच्या बाजारपेठेंत त्या उन्हाळ्यांत कोणीं कोणास ज्वारी दिली याचा तो स्थानिक पुरावा आहे, आणि तो मिशनच्या वहीशेजारीं ठेवून वाचावयाचा आहे.